पेशीवर काय विचारतात

चौबे कॉलोनी, रायपूर
७ जुलै २०२५

चि. राधिका,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. घ्यायचे का नाही ते तू पाहा.

तू माझा नंबर ब्लॉक केला, म्हणून हे पत्र. स्पीड पोस्टानं पाठवून राहिलो, सही करून घ्यावं लागते, म्हणजे उद्या तुले 'मिळालंच नाही' म्हणता येणार नाही. जन्म रेल्वेच्या माल कचेरीत काढला मी. पावतीशिवाय गोणी सोडली नाही कधी.

आज जिल्हा कोर्टात मी दिवाळखोरीचा अर्ज टाकला. हो, तुझ्या बापानं. श्यामराव ढोमणे, ज्याच्याकडून महाराष्ट्र मंडळाचे लोक गणपतीचा हिशोब तपासून घेत होते, तो. कर्ज फेडणं आपल्याच्यानं होत नाही असं लिहून दिलं आणि खाली ऐटीत सही ठोकली. पेन्शनले कोणी हात लावू शकत नाही, घर किरायाचं. माझं जायचं ते गेलंच आहे. आता दुसऱ्यांचं काय जाते ते पाहू.

कर्ज कशाचं ते मी तुले काय सांगू? तू त्याच्यावरच राहून राहिली. नवा रायपूरच्या प्लॉटचं. लग्नाच्या बैठकीत तुझा सासरा मिशीवर हात फिरवत म्हणे, आम्ही हुंडा घेत नाही, फक्त यंदा अधिक महिना येऊन राहिला, त्यात जावयाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही पाहा. कसं सोवळं बोलणं! पाहिलं मी. धोंड्याच्या जेवणाले अख्खी पंगत बसवली, जावईबापूच्या पुढ्यात चांदीचं ताट, तेहतीस अनारसे, वर दिवा, आणि दिव्याखाली प्लॉटचा कागद. बँकेतून काढून, सोसायटीतून काढून, त्या बीरगांवच्या फायनान्सवाल्याकडून काढून घेतलेला प्लॉट. कागद विक्रीचा केला, कारण तुझा नवरा मंत्रालयात, सासऱ्याकडून एवढी भेट घेतली तर ऑफिसात कळवावं लागते. म्हणून लिहिलं की मी विकला, त्यानं रोख दिले, मले पावले. एक रुपया दिला नाही त्यानं. हे मले माहीत, तुले माहीत, तुझ्या आईले माहीत.

आणि मागच्या साली मी तुमच्या दारात उभा राहून म्हटलं की बापू, हप्ते झेपत नाहीत, थोडे तुम्ही भरा, तर तो म्हणते, "हमने माँगा था क्या, पापाजी?" तू चहाचा ट्रे घेऊन मागं उभी. मले वाटलं, पोट्टी आता बोलेल. तू बोलली. म्हणे, "बाबा, दी हुई चीज़ कोई वापस माँगता है?" बापाशी हिंदीत! चहा तसाच ठेवून मी निघालो. बस नव्हती, त्या रुंद रस्त्यावरून कितीतरी चाललो. पाणी आलं डोळ्यात, खोटं कशाले सांगू.

आता मुद्द्याचं. सुशील वकील म्हणत होता, भाऊसाहेब, ऑगस्ट उलटू द्या. अर्जाच्या आधी दोन वर्षांत कोणाले काही फुकट दिलं असेल, तर कोर्ट ते परत ओढून सावकारांमध्ये वाटते. ऑगस्टात दोन वर्षं होतात, मग पोरीचं घर पक्कं, कोणी हलवू शकत नाही.

मी म्हटलं, म्हणूनच आज टाका.

तुझा बाप
श्यामराव

२१ ऑगस्ट २०२५

चि. राधिका,

पहिली पेशी, म्हणजे कोर्टातली सुनावणी, झाली. तुझ्या नवऱ्याले पुढंमागं तिथंच उभं राहायचं आहे, तेव्हा काय काय होते ते लिहून ठेवतो. नंतर म्हणू नको की बापानं सांगितलं नाही.

आधी पेपरात नाव छापून येते. माझं आलं, बापाच्या नावासकट. सकाळी दूधवाला सुद्धा वेगळं पाहत होता. मंडळात गणपतीच्या मीटिंगले गेलो तर खजिनदाराची फाइल कोणीतरी हळूच माझ्या समोरून उचलली. चिवडा खाल्ला आणि आलो.

कोर्टात सकाळी बोलावतात आणि नंबर जेवणानंतर लागतो. बसायले बाक एकच, त्याच्यावर वकिलांचे कोट. चपराशी बाहेर येऊन नाव असं ओरडते की खालच्या पानठेल्यापर्यंत जाते. आत गेलं की शपथ देतात, आणि मग ज्याचे ज्याचे पैसे बुडाले त्याले विचारायची मोकळीक असते. जज साहेब विचारतात ते बरं, ते सभ्य असते. "कर्ज़ा किसलिए लिया?" मी म्हटलं, दामाद के लिए. मागं कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी मान वर केली आणि म्हणाले, "लिखिए, दामाद के लिए." लिहिलं गेलं ते. आता ते खोडता येत नाही.

फायनान्सवाल्याचा माणूस मात्र कपडे उतरवते. घरी टीव्ही किती मोठा? बायकोच्या अंगावर काय काय? मी आधीच मालमत्तेच्या यादीत तुझ्या आईच्या पाटल्या लिहून दिल्या होत्या. सुशील म्हणे, काहून लिहिता, त्या त्यांच्या माहेरच्या आहेत, बायकोचं सोनं तुमचं होत नाही. मी म्हटलं, लिहा. उद्या कोणी म्हणायले नको की श्यामरावनं लपवलं. तुझी आई रडली दोन दिवस. कायदा अंगावरचे कपडे, अंथरूण आणि स्वयंपाकाची भांडी सोडते. मी तिले तेच म्हटलं, भांडी आहेत ना तुले, मग?

केस चालू आहे तोवर कर्जापायी मले अटक होऊ नये असा हुकूम साहेबांनी दिला. म्हणजे मी निवांत. तुम्ही आपलं पाहा.

आई म्हणते, तुझी श्रावणी आता भिंत धरून उभी राहते. मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं.

श्यामराव

११ नोव्हेंबर २०२५

चि. राधिका,

कालच्या पेशीत मी रीतसर दिवाळखोर झालो. पेढे वाटावे वाटलं मले! आता माझं जे काही असेल ते माझं नाही, कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरचं. बाई आहे, सोनिया मॅडम, कडक. माझ्या मालमत्तेचा शोध घेणं आणि विकून सावकारांना वाटणं हे तिचं काम. तुमच्याकडे येऊन घर मोजून गेली म्हणे. चांगलं बांधलं म्हणत होती, खालची फरशी फार सुरेख. तुझ्या नवऱ्यानं होम लोन काढून बांधलं ना? प्लॉट गेला की घर काय हवेत ठेवाल?

आता नोटिस तुम्हाले येईल. नीट वाच, पुन्हा सांगणार नाही.

पियुषले साहेब विचारतील, हा प्लॉट तुझ्याकडे कसा आला. त्याच्यापुढे दोनच रस्ते आहेत. पहिला, लग्न ठरतानाच द्यायचा ठरला होता असं म्हणणं; लग्नाच्या बोलीत दिलेलं कोर्ट काढत नाही. म्हणू दे ना! त्याले हुंडा म्हणतात, आणि हुंडा घेतला असं शपथेवर सांगणाऱ्या माणसाले मंत्रालयात कोण ठेवते? दुसरा रस्ता, कागदात लिहिलं तेच खरं, मी रोख पैसे मोजून विकत घेतला. ज्यानं खरोखर पैसे देऊन घेतलं, त्याचं कोर्ट काढत नाही. पण नुसता कागद पुरत नाही, कारण मी उभा राहून सांगणार की पैसे मिळाले नाहीत. मग साहेब म्हणतील, व्यवहाराच्या वेळी कोण होतं? पंगतीनं नुसता कागद पाहिला; व्यवहार लिहिला तेव्हा घरात आपण चौघंच होतो. म्हणजे तुले बोलावतील.

आणि तुले खोटं बोलता येत नाही, राधिका. ते मीच केलं ना. पाचवीत तू गणिताचे मार्क खोटे सांगितले, तर मी तुले अख्ख्या पाऱ्यात, आपल्या मोहल्ल्यात, दारोदार फिरवलं आणि प्रत्येक दारात तुझ्या तोंडून म्हणून घेतलं, मी खोटं बोलली. शेजारची मीरा मावशी हात जोडत होती मले, भाऊजी पुरे करा. मी नाही पुरे केलं. त्याच्यानंतर तू खोटं बोलताना कधी दिसली नाही. तुझी जीभ अडकते, कान लाल होतात. साहेबांच्या समोर पाहू कशी बोलते ते.

म्हणून सांगतो, तिथं जाऊन शोभा करून घेण्यापेक्षा आधीच कबूल करा आणि सामान बांधा. उन्हाळ्यात पुन्हा अधिक महिना येऊन राहिला. या खेपेले जावईबापूले वाण म्हणून कोर्टाचा हुकूम.

श्यामराव

१९ जानेवारी २०२६

राधिका,

काल तुझा नवरा आला होता. एकटाच, हातात सफरचंदं. बूट बाहेर काढले, पाया पडला, पहिल्यांदा मराठीत बोलला माझ्याशी, तेही तुटकं. म्हणे, बाबा, मी सगळं कर्ज फेडतो. पीएफ काढतो, माझ्या बाबांकडून घेतो. सगळ्यांचे पैसे चुकते झाले की कोर्ट तुमची दिवाळखोरी रद्द करते, सुशील वकिलाले विचारून आलो. फक्त घर वाचवा. राधिका झोपत नाही.

तुझी आई दारात उभी होती, पदर तोंडाशी. मले म्हणे, अहो, हो म्हणा. आत्ता हो म्हणा. तिनं माझ्या बाहीले धरलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, परक्या माणसासमोर.

मी म्हटलं, पैसे नकोत मले. मले एकच पाहिजे. पेशीवर उभा राहा आणि सगळ्यांसमोर म्हण, माँगा था. माझ्या बापानं मागितलं आणि मी घेतलं. तो म्हणे, नौकरी जाएगी, पापाजी. मी म्हटलं, जाऊ दे.

सफरचंदं त्याच्याच हातात परत दिली.

परवा पेशी आहे. तुझ्या आईले मी माझ्या बाजूनं साक्षीदार लावलं आहे. तुझी जीभ अडकली की ती बोलेल. ती गाय आहे, मी म्हणेन तेच बोलते. श्रावणीले आणू नको, तिथं फार धूळ असते.

श्यामराव

४ फेब्रुवारी २०२६

राधिका,

तू तिथं होती, तरी लिहून राहिलो. कोणाले सांगू दुसऱ्या?

पियुष उभा राहिला तेव्हा मी निश्चिंत. "पैसे दिए थे. नकद." बरं, म्हटलं, दुसऱ्या रस्त्यानं चालला, चालू दे. मग तू. तुले शपथ दिली, तू पदर नीट केला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी विचारलं, आपके सामने दिए? तू म्हणाली, "जी. मेरे सामने. पापा ने गिनकर लिए."

तुझे कान लाल नव्हते, राधिका. मी पाहून राहिलो होतो, कानच पाहून राहिलो होतो. जीभ अडकली नाही. एक शब्द पुढं-मागं झाला नाही.

तरी मले वाटलं, आई आहे ना. नवी साडी नेसवून मीच आणलं होतं तिले, सकाळी ऑटोत दहा वेळा सांगितलं होतं, एवढंच म्हण की पैसे दिले नाहीत. साहेब किती नरम बोलले तिच्याशी! "माताजी, घबराइए मत. दामाद ने पैसे दिए थे?"

ती म्हणाली, "हव, दिए थे."

"कितने थे?"

"मैंने नहीं गिने. थैली में थे. इन्होंने रख लिए."

"कहाँ रखे?"

"मुझे नहीं बताते, साहेब. मुझे कुछ नहीं बताते."

मी ओरडलो, झूठ है! चपराशानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या! साहेबांनी चष्मा काढला आणि हिंदीत जे सांगितलं ते सुशीलनं नंतर मले समजावलं, कारण तेव्हा मले ऐकू येत नव्हतं. प्लॉट पियुषचा, त्यानं पैसे देऊन घेतला. आणि ज्या अर्थी पैसे दिले, त्या अर्थी ते माझ्यापाशी आले, आणि यादीत तर मी दाखवले नाहीत. म्हणजे श्यामराव ढोमणेनं कोर्टापासून रोकड लपवली. अटकेपासूनचं संरक्षण काढलं. पुढच्या तारखेले पैसे कुठं आहेत ते सांगायचं, नाहीतर फौजदारी. फायनान्सवाल्याचा माणूस जिन्यात मले म्हणे, "अंकल, बढ़िया खेले." त्याले खरंच वाटून राहिलं की मी लपवले!

घरी येताना तुझी आई ऑटो थांबवून लालभाजी घ्यायले उतरली. भाव केला. घरी येऊन निवडत बसली. मी म्हटलं, काहून? एवढंच विचारलं मी, लता, काहून?

ती मान वर न करता म्हणे, तुमच्या चिठ्ठ्या पोस्टात कोण टाकत होतं? मीच ना. वाचल्याशिवाय कशी टाकू माझ्या पोरीले? ती नोव्हेंबरातली वाचली तेव्हाच समजलं. दोन रस्ते तुम्हीच लिहून दिले, एक बंद होता, एक उघडा. मी राधिकाले शेजारच्या फोनवरून सांगितलं, नीट वाच, बापानंच सांगितलं आहे काय म्हणायचं ते. रोज दुपारी तुम्ही झोपले की फोनवर तिच्याकडून बोलून घेत होती मी. पहिले चार-पाच दिवस अडकत होती. मग नाही अडकली.

मी म्हटलं, त्यांनी लुटलं मले, आणि तू त्यांच्या बाजूनं? तर म्हणते, कोणी लुटलं? त्यांनी प्लॉट मागितला नव्हता. बैठकीत चांदीच्या ताटावरच बोलणं थांबलं होतं. प्लॉटचं तुम्ही पंगतीत जाहीर केलं, मंडळाचे लोक बसले होते म्हणून. लोकाईले दाखवायले. कर्ज काढायच्या आधी मले विचारलं होतं का?

खोटं बोलते ती. साफ खोटं. ताटाचं बोलणं झालं होतं, पण ताटाचा अर्थ काय होतो ते चारचौघांत समजायचं असते. माझी काही इज्जत होती त्या पंगतीत.

मग ती म्हणे, आणि माझ्या आईच्या पाटल्या, त्या तर कोणी मागितल्या नव्हत्या. तुम्ही लिहून दिल्या. भाजी धुतली, वाढलं, मी जेवलो नाही, ती जेवली.

राधिका, मले भीती वाटून राहिली. हे मी कोणाले सांगितलं नाही. बीरगांवच्या फायनान्सवाल्याच्या माणसानं दोन वेळा खाली येऊन गाडीचा हॉर्न वाजवला. सुशील म्हणते, तुमच्या बायको-पोरीनं येऊन खरं सांगितलं तरच काही होईल. मी प्लॉट मागत नाही आता. घर ठेव, तुले लखलाभ. फक्त पुढच्या पेशीले ये आणि सांग की बापाले पैसे मिळाले नव्हते. एवढं एकच वाक्य. मी खरं बोलून राहिलो, राधिका. पूर्ण रायपुरात मी एकटा खरं बोलून राहिलो आणि कोणी मानत नाही. मी हात जोडतो तुले. बाप हात जोडते.

हे पत्र मी स्वतः जाऊन टाकलं.

बाबा

नवा रायपूर
११ फेब्रुवारी २०२६

बाबा,

मराठी लिहायची सवय नाही, गलत्या होतील. समजून घ्या.

पुढच्या पेशीवर काय होईल ते पियुषच्या वकिलाले विचारून लिहून राहिली, म्हणजे तुम्हाले त्रास नको. सकाळी खाऊन जा, नंबर लवकर लागत नाही. फाइलमध्ये प्लॉटचा कागद असेल. साहेब तुम्हाले विचारतील, ही सही तुमची का? तुम्ही हो म्हणाल, कारण तुमचीच आहे. मग विचारतील, रोख मिळाले असं लिहिलं आहे, मग पैसे कुठे? तुम्ही म्हणाल, मिळालेच नाहीत. मग विचारतील, तेव्हा तुम्ही सरकारी कागदावर खोटं लिहिलं का? इथे हो म्हटलं तरी तुम्हीच फसता आणि नाही म्हटलं तरी. ओरडू नका. ओरडलं की ते लिहून घेतात.

आईच्या पाटल्यांसाठी आम्ही सोनिया मॅडमकडे अर्ज दिला होता. स्त्रीधन आहे म्हणून यादीतून काढल्या. त्या आता आईच्या हातात आहेत. तुम्ही पाहिल्या नसतील, ती पदराखाली ठेवत होती.

पियुष त्या दिवशी सफरचंद घेऊन परत आला तेव्हा गेटपाशी बसून रडला. मी म्हटलं, आत चल. तो माणूस खराब नाही, बाबा. "हमने माँगा था क्या" असं तो म्हणाला ते चुकलंच, मी बोलली ते पण चुकलं, त्याची माफी मी चिठ्ठी लिहून तुम्हाले मागणार होती. तेवढ्यात जुलैची तुमची चिठ्ठी आली. म्हणूनच आज टाका, असं तुम्ही लिहिलं होतं. मी ते किती वेळा वाचलं. श्रावणी मांडीवर होती. तुम्हाले तारीख माहीत होती आणि तरी टाकलं.

खोटं बोलताना मले काहीच वाटलं नाही. वाटेल असं वाटलं होतं.

रविवारी पियुष गाडी घेऊन येईल, आई आमच्याकडे राहायले येऊन राहिली. तिचं सामान तिनं बांधून ठेवलं आहे, दोनच पिशव्या आहेत. तिले थांबवू नका, पियुषशी बोलू पण नका. श्रावणीची खोली तिले देऊन राहिलो.

पेशीले आम्ही दोघी येऊ. पुन्हा विचारलं तर तेच सांगू.

राधिका